हात बसण्याआधी

"एक राऊंड मारून येतो, चावी दे."

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही हळदीत हे वाक्य कानावर पडतं. मांडवाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते. तीत एखादी कल्याणहून नाहीतर भिवंडीहून आलेल्या पाहुण्याची, टाकी फुगलेली, मागचा टायर हातभर रुंद, हँडल खाली झुकलेलं. पोरं तिच्याभोवती घुटमळतात. मग कुणीतरी मावसभाऊ, कुणीतरी मेव्हणा हात पुढे करतो. आपल्या माणसाला चावी नाकारणं नात्यात बसत नाही. मागे एक जण चढतो, कधी दोघे. डोक्यावर काही नसतं, कारण इथेच तर जायचंय, फाट्यापर्यंत.

बहुतेक वेळा गाडी दहा मिनिटांत परत येते आणि पुढचा हात चावीसाठी पुढे होतो. कधीकधी ती येत नाही. मग मांडवातला डीजे बंद होतो आणि माणसं रस्त्याकडे धावत सुटतात.

त्या दहा मिनिटांत काय होतं, यावर हा लेख आहे. अपघात झाला की "पोरगं उडवत होतं" एवढ्यावर गावाचं निदान संपतं. वेगाचं पाप खरंच आहे. पण माझ्या मते त्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडलेली असते आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही: त्या गाडीवर त्या पोराचा हात बसलेला नसतो.

इथे मोटारसायकल लागतेच का, ते आधी पाहू. शहापूर तालुक्यातलं भातसानगर ही धरणाची वसाहत. भातसा नदीवरच्या या धरणातून मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी जातं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. पाण्याचं जे, तेच वाहतुकीचं. मुंबई-नाशिक महामार्ग तालुक्याच्या मधून जातो. कसाऱ्याची लोकल आसनगाव, आटगाव, खर्डी करत जाते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. मोठे रस्ते मोठ्या गावांना जोडून निघून जातात. पाड्यावरून स्टेशन गाठायचं, भिवंडीच्या गोदामातली पाळी पकडायची, मुरबाडच्या एमआयडीसीत वेळेवर पोचायचं, तर एसटी मोजकी आणि जीप भरेपर्यंत हलत नाही. म्हणून इथे मोटारसायकल हा शौक नसून पोटापाण्याचं साधन आहे. ती घेऊ नका असं सांगणारा माणूस इथे राहिलेला नसतो.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे साधन म्हणजे शंभर सीसीची गाडी. बापाने घेतलेली, दूध, खत, पाहुणे सगळं वाहणारी. तिच्यावरच पोरगं शिकायचं. आधी टाकीवर पुढे बसून, मग पाय टेकायला लागले की शेताकडच्या रस्त्याला. आजही तसंच शिकतात. फरक असा की शिकतात शंभर सीसीवर आणि घेतात दोनशेची, हप्त्यावर. किंवा कुणाची तरी सेकंडहँड. किंवा नुसतीच मागून.

आकडे समोर ठेवू. स्प्लेंडरसारख्या गाडीची ताकद साधारण ८ अश्वशक्ती, वजन ११२ किलोच्या आसपास. केटीएमची २०० ड्यूक भारतात २०१२ साली आली ती २५ अश्वशक्तीची. पुढच्या वर्षी ३९० आली, तिची ताकद ४३ अश्वशक्ती. म्हणजे तिप्पट आणि पाचपट. वजन मात्र तिप्पट-पाचपट वाढत नाही, जेमतेम दीडपटीच्या आतबाहेर राहतं. त्यामुळे मनगटाच्या ज्या पिळ्याला जुनी गाडी नुसती खाकरायची, त्याच पिळ्याला नवी उडी घेते.

ती उडी कशी माणसाला पाडते, हे जरा सावकाश पाहायला हवं. शंभर सीसीवर शिकलेल्याला रेस भरपूर पिळायची सवय असते. चढावर, डबल सीट असताना ती पुरी पिळली तरी गाडी आपल्या चालीनेच जाते. तोच पिळा मोठ्या गाडीला दिला की ती पुढे झेपावते आणि अंग मागे फेकलं जातं. मुठीची पकड घट्ट असते, म्हणून मागे जाणाऱ्या अंगाबरोबर मनगटही खाली ओढलं जातं. परिणामी रेस आणखी पिळली जाते. पोराला रेस सोडायची असते, पण त्याचं स्वतःचंच वजन ती वाढवत असतं. हे सगळं दोनेक सेकंदांत होतं. बघणाऱ्याला वाटतं, उडवतोय.

ब्रेकचंही तसंच. जुन्या गाडीला दोन्हीकडे ड्रम, त्यामुळे गावाकडचा सगळा विश्वास उजव्या पायावर. पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो, असं शिकवणाराच सांगतो. मोठ्या गाडीला पुढे डिस्क असते. थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते. ज्याने ती कधी वापरली नाही तो घाबरला की दोनपैकी एक करतो. पाय गच्च दाबतो, मागचं चाक लॉक होतं आणि गाडी आडवी घसरते. नाहीतर बोटं एकदम आवळतो, आणि खाली खडी किंवा कच असेल तर पुढचं चाकच निसटतं. चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. पण गावात येते ती सेकंडहँड गाडी बऱ्याचदा त्याच्या आधीची. ताकद नव्या जमान्याची आणि सुरक्षा जुन्या, असं हे मिश्रण आहे. सेकंडहँड गाडी बघायला जाणारे टायर बघतात, सायलेन्सरचा आवाज ऐकतात, किलोमीटर विचारतात. एबीएस आहे का, हे विचारणारे थोडे.

हे सगळं कुणी मोजलं आहे का? मोजलं आहे, आणि फार पूर्वी. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट या प्राध्यापकाने लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा कसून शोध घेतला, जोडीला ३,६०० पोलीस अहवाल तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. आजही या विषयात त्या अहवालाला डावलून पुढे जाता येत नाही. त्यातली एक नोंद मला प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लिहावीशी वाटते. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावर गाडी चालवण्याचा एकूण अनुभव जवळजवळ ३ वर्षांचा होता. पण ज्या गाडीवर अपघात झाला, त्या गाडीवरचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांचा ५ महिन्यांपेक्षा कमी होता.

म्हणजे ही माणसं अगदी नवशिकी नव्हती. त्यांना गाडी येत होती, ही गाडी येत नव्हती.

त्याच अहवालात आणखी असं आहे: ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांनी-मित्रांनी शिकवलेले. धोका दिसल्यापासून सावरायला मिळालेला वेळ २ सेकंदांहून कमी. आणि त्या वेळात बहुतेकांनी केलं काय, तर मागचा ब्रेक जास्त दाबला आणि पुढचा कमी. लॉस एंजेलिस आणि शहापूर तालुक्यातली किन्हवली यांच्यात आणखी काही साम्य नसेल, पण हे आहे.

अहवालातली एक गोष्ट माझ्या विषयाला अडचणीची वाटेल, ती लपवत नाही. मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच आढळल्या; मात्र त्यांचा अपघात झाला तेव्हा इजा अधिक गंभीर होती. मला यात विसंगती दिसत नाही. ताकदवान गाडी ज्याच्या हाताला ओळखीची आहे, त्याच्याकडे ती शहाण्यासारखी चालते. घात होतो तो अनोळखीपणाने. ताकद फक्त ठरवते की तो घात किती खोलवर जाईल.

ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, पौष पौर्णिमेला, आणि तिथला गुरांचा बाजार सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. बैल घेणारा माणूस दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. घरी आणल्यावर नवा बैल लगेच भरल्या गाडीला कुणी जुंपत नाही. आधी जुन्या बैलाशेजारी, हलक्या कामाला. बैलाला माणूस कळावा लागतो आणि माणसाला बैल. शर्यतीच्या बैलाचा कासरा लग्नाला आलेल्या पाहुण्याच्या हातात देऊन "मार एक राऊंड" असं म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. हा शहाणपणा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोठ्यातून तो ओट्यावर, गाडीपर्यंत आला नाही एवढंच.

कायदाही याबाबत आंधळा आहे, आणि हा माझ्या लेखातला सगळ्यात गंभीर आरोप आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे परवाने दोन प्रकारचे: बिनगिअरच्या गाडीचे आणि गिअरच्या गाडीचे. गिअरच्या परवान्याला वरची मर्यादाच नाही. शिकाऊ परवाना काढून तीस दिवस झाले की शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी द्यायची, पास व्हायचं, आणि त्याच कार्डावर त्याच संध्याकाळी हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणायची. कायद्याच्या लेखी त्या दोन्ही गाड्या एकच.

जगात इतरत्र असं नाही. जपानात ४०० सीसीच्या वरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात नवशिक्याला ६६० सीसीपर्यंतच आणि तीही वजनाच्या मानाने ताकद ठरावीक मर्यादेत असलेली गाडीच चालवता येते. युरोपात तर पायऱ्याच आहेत. पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत. दुसरी ३५ किलोवॉटपर्यंत, वयाच्या अठराव्या वर्षापासून. त्यावर दोन वर्षं काढून परीक्षा दिली किंवा प्रशिक्षण पूर्ण केलं तर विसाव्या वर्षी बिनमर्यादेची गाडी. थेट हवी असेल तर चोवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

आता यातला आपला भाग ऐका. केटीएमच्या १२५ ड्यूकचं उत्पादन बजाजच्या चाकणच्या कारखान्यात २०११ पासून होऊ लागलं, युरोपच्या बाजारासाठी. तिची ताकद ११ किलोवॉट, म्हणजे युरोपातल्या पहिल्या पायरीच्या मापात बसवलेली. तिथला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आपल्या पुणे जिल्ह्यात बनलेल्या या छोट्या गाडीवर हात बसवत होता, तेव्हा आपल्या मुलांसाठी पहिली आली ती २०० ड्यूक. १२५ ड्यूक भारतात विक्रीला यायला २०१८ उजाडलं. ३९० ड्यूकची ताकद ३२ किलोवॉटच्या आसपास, म्हणजे युरोपात दुसऱ्या पायरीचा परवाना हवाच. चाकणच्या कामगारांनी जोडलेली तीच गाडी व्हिएन्नातल्या मुलाला स्वतंत्र परवान्याशिवाय मिळत नाही आणि शहापूरच्या मुलाला स्प्लेंडरवरच्या परवान्यावर मिळते. यात कारखान्याने काही बेकायदा केलेलं नाही. पायरी बांधायची ती सरकारने, आणि ती बांधलेली नाही. शहापूरच्या मुलाचं डोकं व्हिएन्नाच्या मुलापेक्षा टणक असतं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं.

गावच्या जाणत्यांना एक जुनी गाडी आठवत असेल, राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्या आरडी ३५० वरून काढलेली, सुमारे ३० अश्वशक्तीची. ज्या काळात रस्त्यावर बहुतेक स्कूटरच होत्या, त्या काळात. जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली तिला ड्रम लावलेला. त्या गाडीच्या कहाण्या अजून गॅरेजात ऐकू येतात, कौतुकाच्याही आणि रडवणाऱ्याही. चाळीस वर्षांत धडा गिरवायला वेळ पुष्कळ मिळाला होता.

रस्त्यांबद्दल थोडं. शहापूरहून मुरबाडकडे, किन्हवलीकडे, डोळखांबकडे जाणारे रस्ते बघा. कुठे नवं काँक्रीट, गुळगुळीत, वेगाला बोलावणारं. आणि त्याच्या कडेला साइडपट्टी वीतभर खाली. समोरून डंपर आला म्हणून खाली उतरलात तर पुन्हा वर चढताना पुढचं चाक त्या कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. कुठे काँक्रीट संपून एकदम खडी. पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक. भात कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल, संध्याकाळी घरी परतणारी गुरं. रोजच्या गाडीवर रोजचा माणूस या सगळ्याला चुकवत जातो, कारण त्याला गाडी किती अंतरात थांबते हे अंगाने ठाऊक असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ताशी ६० च्या वेगाला नुसतं "अरे!" म्हणेपर्यंत, एका सेकंदात, गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. नव्या गाडीवर मात्र ताशी ८० चा वेग चाळीससारखा वाटतो. इंजिन ओरडत नाही, हँडल थरथरत नाही. जुनी गाडी जे इशारे द्यायची ते इशारे ही देत नाही.

पावसाळ्यात माळशेज आणि कसारा घाटात शनिवार-रविवारी शहरातून येणारे जथे हा वेगळा विषय. पण तिथेही पाहा: आठवडाभर स्कूटरवर ऑफिसला जाणारा, मित्राची मोठी गाडी मागून घेतलेला, धुक्यातलं वळण पहिल्यांदाच पाहणारा माणूस. गाडी अनोळखी, घाट अनोळखी, पाऊस चालू आणि मागे कुणीतरी बसलेलं.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. महाराष्ट्रातले एकूण मृत्यू १५,२२४. हेल्मेट नव्हतं अशांचे मृत्यू देशभरात ५०,०२९, आणि त्यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. मागे बसणाऱ्याने तर रेसला हातही लावलेला नसतो.

हेल्मेटने काय होतं, हे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून समोर आलेलं आहे: अपघातात सापडलेल्या चालकाचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी. आपल्या भागात या आकड्यांचा अर्थ आणखी गडद होतो. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण डोक्याला जबर मार असेल तर पुढे ठाणे, कळवा नाहीतर थेट मुंबई. पन्नासेक किलोमीटर आणि मध्ये वडप्यापासून माजिवड्यापर्यंतची ती कोंडी, जिच्यात रुग्णवाहिकेचा भोंगाही अडकून पडतो. मेंदूतला रक्तस्राव कोंडी सुटायची वाट बघत नाही. मुंबईत सायन रुग्णालयाजवळ पडलेल्या मुलाला जे मिनिटांत मिळू शकतं, ते डोळखांबजवळ पडलेल्याला तासांनी मिळतं. म्हणून शहरापेक्षा इथे हेल्मेटची गरज जास्त आहे, आणि वापर मात्र उलटा.

आता चावी देणाऱ्याबद्दल. इथे लोकांना खरंच माहिती नाही, म्हणून तपशिलात लिहितो. इरकल साडीसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या इलकलहून एक माणूस ओळखीच्याची हिरो होंडा मागून आपल्या गावी निघाला होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. त्याच्या बायकोमुलांनी भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलमाखाली त्याच्या वारसांना दावा करता येत नाही; दुसऱ्या कलमाखाली काही मिळतं का, हे तपासायला प्रकरण परत पाठवलं. २०२० मध्येही मागून नेलेल्या गाडीच्याच एका प्रकरणात न्यायालयाने हाच धागा कायम ठेवला. एका राऊंडसाठी चावी नेणाऱ्याच्या घराला विम्याचा आधार मिळेल, हे गृहीत धरता येत नाही. आणि नेणाऱ्याकडे परवानाच नसेल व त्याने तिसऱ्या कुणाला उडवलं, तर विमा कंपनी त्या तिसऱ्याला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. चावी देणाऱ्याच्या जमिनीवर येणारी ही गोष्ट आहे.

अठराच्या आतलं पोरगं असेल तर प्रश्न आणखी सरळ. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत परवाना नाही. दहावी पास झाल्याची गाडी घेणाऱ्या बापाने हे एकदा मोठ्याने वाचावं. मला मात्र दंडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चिंता आहे. त्या बापाने गाडीसाठी हप्ते काढलेले असतात, पण पोराबरोबर चार संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून पुढचा ब्रेक कसा दाबायचा हे शिकवायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि बहुधा त्यालाही ते कुणी शिकवलेलं नसतं.

सरकारकडे मागणं एकच आहे. परवान्याला ताकदीच्या पायऱ्या करा. ज्या राज्यात या गाड्या बनतात, त्या राज्याने केंद्राकडे ही मागणी लावून धरायला हवी. आपल्या तालुक्यांतल्या आमदार-खासदारांना गणपतीत, नवरात्रात, हळदीत भेटणारे आपणच असतो. त्यांना हे विचारायला वेगळी वेळ घ्यावी लागत नाही.

तोपर्यंत घरात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि आपलं पंचांगच त्याला सोयीचं आहे. हर्टचे ते पाच महिने आठवा. दसऱ्याला गाडी घेतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं, तर ते पाच महिने शिमग्याच्या तोंडावर भरतात. गुढीपाडव्याला घेतली तर गणपतीच्या आधी, म्हणजे बहुतेक पावसाळा त्या कच्च्या हातानेच काढायचा. ती गाडी अधिक जपून चालवायला हवी. आणि यंदा दिवाळीच्या पाडव्याला ज्यांच्या दारात नवी गाडी येणार आहे, त्यांना हिशेब करायचीही गरज नाही. ते पाच महिने मागे कुणाला बसवू नका, रात्री महामार्गावर जाऊ नका, माळशेज पुढच्या वर्षीही तिथेच असेल. रिकाम्या मैदानात, हळू वेगात, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायचं रोज दहा वेळा करा. आयएसआय शिक्क्याची हेल्मेटं दोन घ्या, एक मागच्याचं. कुणी पडलेलं दिसलं तर १०८ फिरवा आणि थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये यासाठी कायद्याचं संरक्षण आहे.

आणि मांडवाबाहेर कुणी हात पुढे केला, तर "हात बसला नाही रे तुझा" एवढं म्हणा आणि चावी खिशात ठेवा. दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत पाच महिने होतात.